जावेच्या गाडीचे टायर

मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी एकाच दसऱ्याला एकसारखी गाडी घेतली. रंगही एकच. मी पोलादपुराहून कुडपणच्या बाजूच्या शाळेत शिकवायला जाते, ती महाडला बँकेत. पुढच्या पावसाळ्यानंतर माझी गाडी डावीकडे ओढायला लागली. हायवेला वेग घेतला की स्टिअरिंग थरथरायचं. तिची गाडी मात्र पहिल्या दिवसासारखी चालायची.

"तिचा हात हलका हाय," सासूबाई म्हणाल्या. "तू ब्रेक लय मारतेस गो."

नवऱ्यानं मान डोलावली. मला ते फार झोंबलं. तिची भाकरी पातळ, तिचं अक्षर सुबक, आता तिची गाडीसुद्धा शहाणी! खड्ड्यांचा रस्ता माझ्या वाट्याला आलाय, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

रविवारी सकाळी मी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या डाव्या टायरवरून तळवा फिरवला. बाहेरची नक्षी चांगली खोल होती, आतली कड पार गुळगुळीत. जाऊ आंघोळीला गेली होती. मी हळूच तिच्या गाडीपाशी उकिडवी बसले. तिच्या टायरच्या दोन्ही कडा शाबूत होत्या. जीव जळला. मग बोटं मधोमध गेली, तर तिथली नक्षी जवळजवळ नाहीशी झालेली! मला इतका आनंद झाला की विचारू नका.

"काय शोधताय ताई?"

ती ओल्या केसांनी मागे उभी होती.

"तुझे टायर मध्ये झिजलेत," मी म्हटलं. आवाजातली खुशी लपली नसावी. "हवा किती भरतेस?"

"हवा हेच भरून आणतात. टायर टणक लागला पाहिजे म्हणतात."

"जास्त हवेनं टायर फक्त मधोमध टेकतो. दाराच्या आत आकडा लिहिलेला असतो, तेवढीच भरायची."

"असं होय! सांगते त्यांना." ती हसली, आणि वाकून माझा टायर बघायला लागली. तिचं हसू गेलं. "ताई, अगदी आतल्या बाजूला टायरच्या तारा दिसतायत. यावर तुम्ही रोज घाट चढता?"

तासाभरात आम्ही महाडला पोहोचलो. ती माझ्या मागे हळूहळू येत होती. आखातात गाड्यांचंच काम करून परतलेल्या एका चाचांचं तिथे दुकान आहे. त्यांनी गाडी उचलून चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. कटकट आवाज आला.

"चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा सांधा सैल झालाय," ते म्हणाले. "चाकं सरळ चालतच नाहीत, म्हणून आतून घासतायत. रिमही आतून वाकलीय, थरथर तिची. खड्ड्यात जोरात आपटली असणार. आधी हे बदलू, मग अलाइनमेंट. नाहीतर नवा टायरही असाच जाईल."

"म्हणजे ब्रेकमुळे नाही?" मी विचारलं.

"ब्रेकचा काय संबंध?"

हे ऐकायला सासूबाई हव्या होत्या. तिथे होती ती जाऊ, आणि तिनं वेळेवर कळलं म्हणून मनापासून सुटकेचा सुस्कारा सोडला. सामान यायला दोनतीन दिवस लागणार होते. तिनं पर्समधून स्वतःच्या गाडीची चावी काढून माझ्या हातात ठेवली.

"तुम्हाला वर एसटी मिळायची नाही. मला इथे यायला हव्या तेवढ्या आहेत."

नको म्हणायला तोंड उघडलं, पण ती बरोबर होती. तिच्या गाडीत मी शाळेत गेले आणि घरी तिच्या मोठ्या मनाचे गोडवे ऐकत जेवले. मला चांगलंही वागता येतं, पण ती नेहमी माझ्या आधी वागून मोकळी होते.

माझी गाडी आली ती सरळ, गुमान चालणारी. त्याच आठवड्यात सासूबाईंना डोळे दाखवायला महाडला न्यायचं होतं. मी मुद्दाम गाडी दारापुढे लावली, पुढचं दार उघडून धरलं. त्यांनी एकदा माझ्या चाकाकडे पाहिलं, आणि काठी टेकत बँकेला निघालेल्या जावेच्या गाडीत जाऊन बसल्या.