तापल्यावर बंद पडणारी मोटारसायकल

पेडण्याच्या बाजारातून मालप्याच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला माझ्या मित्राचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार वासे, वर पत्रे आणि खाली तेलाने काळी पडलेली जमीन. मी मराठी शाळेत मास्तर, तो मेकॅनिक. शाळा सुटली की मी त्याच्या बाकावर जाऊन बसायचो. तो कोंकणीत बोलायचा, मी माझ्या मराठीत, आणि त्याचं दोघांनाही कधी काही वाटलं नाही. माझी जुनी मोटारसायकल त्यानेच शोधून दिली होती. दुरुस्तीसाठी तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता.

एकदा त्याने माझ्या हातात शंभर पानी वही दिली. त्याच्या आईला धालोची गाणी पाठ होती. पौषात बायका मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या अंगणात, जमून फेर धरतात, तेव्हा म्हणतात ती. म्हातारी थकत चालली होती, म्हणून दुपारी जेवायला घरी गेला की तो रोज थोडी थोडी उतरवून घ्यायचा, ती म्हणेल तशीच्या तशी, कोंकणीत. अक्षर मोठं, आणि पानापानावर तेलकट बोटांचे ठसे.

"वाचून पळय मरे," तो म्हणाला. "चुकलां जाल्यार सांग." चूक दिसली तर सांग, एवढंच त्याचं मागणं होतं.

वही मी आठवडाभर ठेवून घेतली आणि लाल शाईने तपासली. शुद्धलेखनाच्या वह्या तपासायची सवय होती, तशीच तपासली. त्याचे शब्द पुन्हा वाचता येऊ नयेत इतके ठळक खोडले आणि वर मराठी शब्द लिहिले. ओळ लंगडी वाटली तिथे माझ्या मनाची ओळ घातली. आपण मोठं काम करतोय असंच मला वाटत होतं. वही परत देताना मी त्याला सांगितलं की ही गाणी मूळची मराठीच आहेत, बायकांच्या तोंडी बिघडली होती, मी ती सरळ केली. त्याने दोन-तीन पानं उलटली, वही मिटली आणि हत्यारांच्या पेटीत ठेवली.

पुढे गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, हा वाद पेटला. मी मराठीच्या बाजूने सभांना जायचो, पत्रकं वाटायचो. तो कुठल्याच सभेला जात नव्हता. एका संध्याकाळी बाजारात, पाववाल्याच्या दुकानासमोर, आम्ही पाच-सात मास्तर उभे होतो आणि तो पाव घ्यायला आला. कुणीतरी त्याला त्याचं मत विचारलं. तो म्हणाला की मी आईशी जे बोलतो ती माझी भाषा, यापलीकडे मला काही कळत नाही. मी सगळ्यांसमोर हसलो. म्हटलं, "त्याची भाषा मी तपासली आहे. एका पानात चाळीस चुका."

सगळे हसले. तो पावांची पिशवी घेऊन गेला.

त्यानंतर मी गॅरेजकडे फिरकलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत महिने गेले. त्याची आई वारली हे मला त्याच दिवशी कळलं. त्याचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. वाद चालू आहे, आपण गेलेलं त्याला आवडणार नाही, असं मी स्वतःलाच सांगितलं आणि गेलो नाही.

गोवा घटक राज्य झालं, सगळीकडे मिठाई वाटली गेली. पुढच्या वर्षी माझी बदली डिचोलीजवळ सर्वणला झाली. बसने जायचं तर म्हापशाला उतरून दुसरी बस धरावी लागे आणि शाळेची वेळ टळे, म्हणून मी मोटारसायकलने जाऊ लागलो. उन्हाळा लागला तसं तिचं दुखणं सुरू झालं. सकाळी घरून एका किकमध्ये निघायची. अस्नोडा सोडून चढाला लागलं की फटफट आवाज करायची, गचके द्यायची आणि बंद पडायची. खनिजाचे ट्रक शेजारून जायचे, आणि मी तांबड्या धुळीत माखून रस्त्याकडेला उभा. वीस-पंचवीस मिनिटांनी, काही न करता, ती पुन्हा सुरू व्हायची.

दोष पेट्रोलचा, असं मी धरून चाललो. टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक सुईने मोकळं केलं. प्लग बदलला. शेजारी कोल्हापूरकडचा एक जण राहायचा, तुयेच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. त्याने प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी निळी पडली. तो म्हणाला की करंट चांगला आहे, दोष दुसरीकडे असणार. म्हापशाच्या एका गॅरेजने पॉइंट आणि कंडेन्सर बदलला, वायरिंग नवीन केलं. दुसऱ्या दिवशी गाडी त्याच चढावर बंद पडली.

असे दोन महिने गेले. शाळेत मी घामाघूम, उशिरा पोचायचो. मुख्याध्यापकांनी दोनदा लेखी विचारलं. हा दोष कोण शोधील हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शेवटी एका रविवारी गाडी त्याच्या दारात नेऊन उभी केली.

तो चाकाचं काम करत होता. मला बघून उठला आणि हात पुसले.

"या मास्तर, बसा," तो म्हणाला. "गाडी किती वेळ चालल्यावर बंद पडते?"

वीस वर्षांत तो माझ्याशी मराठीत कधी बोलला नव्हता. मला 'मास्तर' त्याने कधी म्हटलं नव्हतं, आणि 'बसा' तर नाहीच. मी म्हटलं, "अरे, असं काय बोलतोस?" तो म्हणाला, "आपल्याला समजेल असंच बोललं पाहिजे." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

थंड गाडी त्याने तपासलीच नाही. ती घेऊन भर उन्हात निघून गेला आणि पाऊण तासाने ढकलत घेऊन आला. लगेच प्लग काढून किक मारली. ठिणगी पिवळट, मरतुकडी होती, मग तीही पडेना. त्याने टाकीखाली हात घालून ठिणगीला करंट पुरवणारी कॉईल चाचपली, एक फडका पाण्यात बुडवून तिच्यावर गुंडाळला आणि बाजूला बसला. पंधरा मिनिटांनी पुन्हा किक मारली तेव्हा ठिणगी निळी पडली.

"कॉईल गेली आहे," तो म्हणाला. "तापली की आतली तार सुटते, थंड झाली की जुळते. थंड असताना तपासून हा दोष सापडायचा नाही."

"दुरुस्त होईल?"

"कॉईल दुरुस्त होत नाही, मास्तर. बदलावी लागते."

तो बोलत होता ते मराठी स्वच्छ होतं. त्यात मला खोडण्यासारखं काही नव्हतं. जुन्या गाड्यांच्या ढिगातून त्याने एक कॉईल काढली, मीटर लावून बघितली, मग ती तापवून पुन्हा बघितली. इंजिनाची धग लागू नये म्हणून लोखंडी पट्टी वाकवून ती पुढे, वारा लागेल अशी बसवली. दीड तास तो काम करत होता आणि मी बाकावर बसून शब्द जुळवत होतो. अखेर विचारलं, "ती वही आहे का रे?"

पाना फिरवायचा तो थांबला नाही. "खोडलेलं वाचता येईना. आईला बसवून दुसरी वही सुरू केली होती. निम्मी झाली आणि ती गेली."

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"आपण मास्तर," तो म्हणाला. "आपण तपासलं." आणि किक मारून गाडी सुरू करून दिली.

त्या दिवसानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही. अस्नोड्याचा चढ ती भर उन्हातही सरळ चढायची, आणि दर वेळी माझं मन खट्टू व्हायचं, कारण त्याच्याकडे जायला मला काही निमित्तच उरलं नव्हतं. मी एक गाणं आठवून बघायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्याला नेऊन द्यावं, निदान एक. मला आठवायचे ते मी वर लिहिलेले शब्द.

पावसाळ्याआधी मी एक हलकट गोष्ट केली. त्याच्या गॅरेजच्या अलीकडे वळणावर गाडी थांबवली, प्लगची टोपी अर्धी उपसून ठेवली आणि गाडी ढकलत त्याच्यासमोर नेली. म्हटलं, पुन्हा तसंच होतंय. त्याने वाकून बघितलं. दोन बोटांनी टोपी दाबून बसवली. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. टोपी आपोआप अशी निघत नाही हे त्याला कळलं नसेल असं कसं म्हणू.

"झालं आपलं काम," तो म्हणाला, आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

मी आणखी थोडा वेळ उभा राहिलो. मग किक मारली. गाडी लगेच सुरू झाली.