सासुरवाडीहून येताना उडणारा फ्यूज

आमच्या गाडीचा फ्यूज फक्त सासुरवाडीहून येतानाच उडायचा. जाताना कधीच नाही. जालन्यात गाडी रोज फिरायची, एमआयडीसीत माझ्या बियाण्याच्या प्लांटपर्यंत जायची-यायची, संध्याकाळी दिवे लावून घरी परतायची. काही तक्रार नाही. पण तीर्थपुरीहून निघालं, दिवस मावळला, दिव्याचं बटण फिरवलं की अंबडच्या अलीकडे कुठेतरी मागचे लाल दिवे गुल.

पहिल्यांदा हे आम्हाला कळलंही नाही, कारण आपल्या पाठीमागचा अंधार आपल्याला दिसत नाही. एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन ओरडला, "ओ काका, मागून गाडीच दिसून न्हाई राह्यली तुमची." मी त्याचे आभार मानले आणि चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून घर गाठलं. बायको पूर्ण रस्ताभर मान वळवून मागच्या काचेतून बघत होती.

मला किस्से सांगायचा नाद आहे. दुपारच्या डब्याला मी या फ्यूजचं नाटकच बसवलं. सासूबाईंच्या दारात निरोप घेणारा जावई मी, रुसून बसणारा फ्यूजही मीच. मंडळी पोट धरून हसायची. घरी येऊन तेच नाटक केलं तेव्हा बायको हसली नाही. "तुम्ही करा नकला," ती म्हणाली. "आता आपल्याला चारलाच निघावं लागन. मायला काय सांगू ते सांगा."

तिचं खरं होतं. सासरे गेल्यापासून सासूबाई तीर्थपुरीत एकट्या राहतात. थोडी मोसंबी आहे, थोडी ज्वारी. आम्ही पंधरा दिवसांनी रविवारी जातो. दिवसभर त्या बोलत नाहीत, नुसत्या कामात असतात. बोलतात त्या दिवेलागणीनंतर, तव्यावर भाकरी टाकताना. गावात कोण आजारी आहे, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, सासऱ्यांच्या कुठल्या गोष्टीचा त्यांना तीस वर्षं राग होता आणि आता का नाही, हे सगळं त्या भाकरीसोबत वाढायच्या. चारला निघायचं म्हणजे नेमकं तेवढंच मागे ठेवून निघायचं.

त्यांनी यावर उपायही काढला. एका रविवारी दुपारचं जेवण होऊन ताटं धुतली न धुतली तोच त्यांनी पुन्हा तवा ठेवला. तीन वाजता पिठलं-भाकरी. आम्ही दोघं तुडुंब पोटाने जेवलो. पण लख्ख उन्हात त्यांना बोलायलाच सुचेना. त्या नुसत्या आमच्याकडे बघत बसल्या.

तेव्हा मी फ्यूज मनावर घेतला.

एमआयडीसीच्या रस्त्यावर गाड्यांची वायरिंग करणारा एक उस्ताद आहे. तो माझ्यापेक्षाही मोठा नट. बॉनेट उघडताना शाहिराने डफावर थाप मारावी तशी थाप मारतो. त्याने आधी मागचे होल्डर बदलले, मग दिव्याचं बटण बदललं. दर वेळी मी विजयी मुद्रेने गाडी घेऊन जायचो आणि तीर्थपुरीहून येताना तोंडावर पडायचो. प्लांटमधल्या एकाने सल्ला दिला, मोठा फ्यूज टाका. उस्तादाने कानाला हात लावले. "मोठा टाकला तं फ्यूज वाचन आन् वायर जळन. मंग गाडी न्हाई ऱ्हात साहेब, होळी ऱ्हाती."

तो फ्यूजच्या जागी हेडलाइटचा एक बल्ब जोडायचा. वायर कुठे पत्र्याला टेकत असेल तर हा बल्ब भगभगून पेटतो, सगळं ठीक असेल तर मंद राहतो. मग तो सगळ्या वायरी हलवून, ओढून बघायचा. बल्ब मंदच. "गाडीला बिलकुल काही झालेलं न्हाई," तो म्हणायचा. "तुमच्या सासुरवाडीच्या रस्त्यातच काहीतरी हाय."

एका रविवारी सासूबाई म्हणाल्या, "आज दिवा लागेपर्यंत थांबा. एवढा एकच डाव." थांबलो. भाकऱ्या झाल्या, गप्पा झाल्या, बायको आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. आणि येताना, अंबडच्या अलीकडे, फ्यूज उडाला. बायको घरापर्यंत रागाने खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर तशीच आत गेली.

आता इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. तीर्थपुरीहून निघताना सासूबाई डिकी भरतात. नुसती देत नाहीत, भरतात. ज्वारीची गोणी, तिच्यावर मोसंबी, तिच्यावर भोपळा, फटीत शेवग्याच्या शेंगा. माहेरून लेक रिकामी पाठवायची नाही, एवढंच त्यांना ठाऊक. आणि गाडी उस्तादाकडे न्यायची म्हटली की आमची ही आदल्या रात्री डिकी रिकामी करून झाडून-पुसून ठेवायची. परक्या माणसापुढे कांद्याची टरफलं दिसलेली तिला चालत नाहीत. डॉक्टरकडे जाताना माणूस अंघोळ करून, बरा होऊन जातो, तशी आमची गाडी दर वेळी बरी होऊनच उस्तादापुढे उभी राहायची.

त्या दिवशी ती रागावलेली होती, आणि रागावलेली बायको डिकी झाडत नाही. सकाळी मी भरल्या गाडीनिशी उस्तादाकडे गेलो. त्याने बल्ब जोडला, दिवे लावले. बल्ब असा पेटला की आम्ही दोघं एकेक पाऊल मागे सरलो.

"आज आजार सोता आला," उस्ताद म्हणाला. त्याने डिकी उघडली आणि कमरेवर हात ठेवले. "साहेब, आठवडी बाजार भरवून राह्यले का?"

मग आम्ही उतरवायला लागलो. शेंगा काढल्या, बल्ब तसाच. भोपळा काढला, तसाच. टायर बदलायला आलेली माणसं जमली, पैजा लागल्या. मोसंबी निघाली, बल्ब हलला नाही. शेवटी दोघांनी ज्वारीची गोणी उचलली आणि बल्ब मंदावला. ठेवली, भडकला. उचलली, मंदावला. उस्ताद पुरे म्हणत होता, पण मला मोह आवरेना. असा पडदा माझ्या हाताने वर-खाली करायला पुन्हा कधी मिळणार होता?

डिकीच्या तळाला पुठ्ठ्याची फळी आहे. तिच्याखालून मागच्या दिव्यांची वायर जाते. गाडी आम्ही जुनी घेतलेली. आधीच्या कुणीतरी स्पीकर बसवताना लांब स्क्रू मारला होता, त्याचं टोक तिथे वर आलेलं. गोणी ठेवली की फळी वाकायची आणि वायर त्या टोकावर दाबली जायची. उस्तादाने टोक कापलं, वायरला पाईप घातला.

मी बायकोला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मायला हे सांगायचं न्हाई. तिच्या गोणीनं झालं कळलं तर ती डिकीला हात लावणार न्हाई."

आयुष्यातला सर्वांत चांगला किस्सा हाती आला आणि ज्या घरात तो सांगायचा तिथेच तोंड बंद. पुढच्या खेपेला रात्री जेवताना सासूबाईंनी विचारलंच, "काय निघालं हो जावईबापू गाडीत?"

"उंदीर, मामी," मी ठरल्याप्रमाणे म्हणालो. आणि ठरलेलं नसताना त्याच्या मिशाही करून दाखवल्या.

सासूबाईंचा हात परातीत थांबला. "माझ्या गोणीतूनच आला असन."

"न्हाई माय, जालन्याचा उंदीर होता तो," बायको घाईने म्हणाली.

"जालन्यात कुठली आलीय ज्वारी?"

त्या रात्री डिकी भरली गेली नाही. निघताना त्यांनी एक-एक मोसंबी पदराने पुसून लहानशा पिशवीत दिली आणि दाराशी उभ्या राहिल्या. मोकळ्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. आम्ही निघालो. दिवे शाबूत, डिकी रिकामी. दर खड्ड्याला मागे जॅक खडखडत होता. गाव संपायच्या आत बायको म्हणाली, "वळवा."

अंगणात मी सगळं खरं सांगितलं. सांगितलं कसलं, केलं. उस्ताद झालो, बल्ब झालो, आत जाऊन गोणी ओढत आणली आणि उचल-ठेव केली. बायको हसून खाली बसली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या.

"म्हंजे गोणीनंच होत होतं."

"स्क्रूनं होत होतं, मामी. आता पाईप घातलाय."

"पाईप घातल्यावर बराबर भरून पाह्यलं का?"

"उस्तादानं पाह्यलं."

"त्यानं एक गोणी पाह्यली असन," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. दोन गोण्या निघाल्या, भोपळा निघाला, वर शेंगा. डिकी दाबून लावावी लागली. मग त्यांनी मला दिवे लावायला सांगितलं आणि स्वतः गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आरशात मला त्यांचं लुगडं लालसर उजळलेलं दिसत होतं. त्या हलेनात. मी इंजिन चालू करून बसून राहिलो.

"लागून राह्यले," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. "जा आता. आन् पुढच्या डावाला जेवायची घाई करू नका."