बाभळीचा बुडखा आणि न्यूझीलंडचा साहेब

आमच्या ह्यांनी न्यूझीलंडला जायचं ठरवलं, तेव्हा त्या देशाबद्दल आमच्या घराला दोनच गोष्टी माहीत होत्या. एक म्हणजे तिथली माणसं हरली तरी हसतात, ही क्रिकेटमुळं कळलेली. दुसरी म्हणजे तिथं झाडं मायंदाळ आहेत, ही ह्यांनी मोबाइलवर पाहिलेली. सरळसोट उंच झाड, माणूस मशीन लावतो, झाड आडवं होतं. जेवणं झाली की हेच व्हिडिओ लागायचे. "ह्ये तर माझंच काम हाय," असं हे म्हणायचे, आणि सासूबाई त्यांच्या मागं मान डोलवायच्या.

आमचं गाव संतपूरजवळ. थोडं रान आहे, त्यात सोयाबीन आणि तूर. सुगी सरली की हे कटर मशीन गाडीला बांधून गावोगाव बाभळी पाडायला जातात. मी औरादच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्याकडं घरात मराठी चालते, बाजारात कन्नड आणि भांडण तापलं की दखनी. इंग्रजी मात्र घरात माझ्याएवढी कुणाला येत नाही. म्हणून परदेशात कामाला माणसं पाठवणाऱ्या हैदराबादच्या ऑफिसातून निरोप आला, की तिकडचे साहेब व्हिडिओ कॉलवर एक झाड पाडताना बघणार आहेत, तेव्हा दुभाषी मीच हे न विचारता ठरलं.

माझ्या मनात काय आहे, तेही कुणी विचारलं नाही. मला ते जायला नको होते. यात आडपडदा कशाला ठेवू? लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी संध्याकाळी ह्यांच्या गाडीचा आवाज आला की मला बरं वाटतं. पण ते इतके हरखले होते, की तोंडावर 'जाऊ नका' म्हणवेना. मग मी थट्टेवर भागवत होते.

"तिथं बर्फ पडतो म्हणं. हितं पौषात तुमी कानाला मफलर गुंडाळून परसात जाता."

"जाकीट देत्यात," हे म्हणायचे.

"आन् भाकरी?"

"ती तू शिकवशील की मला."

ऑफिसवाल्यानं अनुभव विचारला, तेव्हा ह्यांनी छाती फुगवून "भरपूर" सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण कसला अनुभव, हे त्यानं विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.

कॉलच्या सकाळी आम्ही रानातल्या, बांधालगतच्या बाभळीपाशी गेलो. डोक्याला संरक्षण पाहिजे असं ऑफिसनं बजावलं होतं, म्हणून ह्यांनी मोटरसायकलचं हेल्मेट घातलं होतं, काचेसकट. सासूबाई चहाची किटली घेऊन धुऱ्याच्या बांधावर बसल्या. मी मोबाइल धरला. पलीकडं पांढऱ्या दाढीचा, गालांनी लालबुंद असा एक म्हातारा साहेब दिसला. त्याच्याही हातात चहा होता. त्यानं सुरू करा म्हटलं. ह्यांनी हेल्मेटसकट वाकून नमस्कार केला, मशीन बाजूला ठेवली आणि टिकाव उचलला.

साहेब बराच वेळ बघत राहिला. बाभळीभोवती गोल खड्डा व्हायला लागला, तसा त्यानं अगदी अदबीनं मला विचारलं, "आधी एखादं रोप लावणार आहेत का ते?"

आमच्याकडं झाड पाडायचं म्हणजे मुळासकट उपटायचं. बुडाभोवती खांदायचं, मुळं उघडी करायची, कुऱ्हाडीनं तोडायची, शेंड्याला दोर बांधून ओढायचं. बुडख्याचं लाकूड सगळ्यात वजनदार, आणि लाकूड विकतं वजनावर; ते मातीत कोण सोडतो? शिवाय रानात बुडखा राहिला तर कुळव अडतो. झाड एकदा भुईवर निजलं की मग कटर चालू होतो आणि तुकडे पडतात. मी हे सगळं साहेबाला समजावलं. तो म्हणाला, छान आहे, पण आमच्याकडं बुडखा तिथंच ठेवतात, मशीननं उभ्या झाडालाच कापायला सांगा.

मी सांगितलं. ह्यांनी काच वर केली.

"बुडखा ठिवायचा? रानात?"

"तसं म्हणायलाय त्यो."

"मग कुळव कसा चालायचा?" सासूबाईंनी धुऱ्यावरून विचारलं.

"आत्या, तिथं जंगल असतंय. कुळवत न्हाईत," मी म्हणाले.

"कुळवत न्हाईत? मग येवढी जमीन कामून ठिवलीय?"

याचं भाषांतर मी केलं नाही. ह्यांनी मशीन सुरू केली आणि बाभळीला एक चक्कर मारली. मग उलटी चक्कर मारली. मग मशीन बंद करून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ह्ये उभं हाय."

"झाडं उभीच असत्यात की."

"न्हाई, मी आडवी कापतो. उभं कापलं तर कुणीकडं पडंल, मला ठाव न्हाई. त्याला सांग, अनुभव हाय, पर आडव्याचा."

मला हसू आवरेना. त्याच वेळी माझ्या मनात उकळ्याही फुटत होत्या. परीक्षा बुडाली होती, आणि मला काही करावंही लागलं नव्हतं. मी शब्दाला शब्द सांगितलं. साहेब इतका हसला की त्याचा चहा सांडला. मग तो एकदम गंभीर झाला आणि म्हणाला, मोबाइल जरा खड्ड्याकडं धरा. त्यानं खड्डा नीट बघितला. म्हणाला, कापणारे मला पुष्कळ मिळतात. हिवाळ्यात डोंगराच्या उतारावर हातानं खणून रोपं लावायला माणसं टिकत नाहीत. हे येतील का, एका हंगामासाठी?

"काय म्हणायलाय त्यो?" ह्यांनी विचारलं.

'न्हाई म्हणायलाय.' एवढं मी बोलले असते, तर कुणाला कधी कळलंही नसतं. ते शब्द अगदी जिभेवर आले होते. पण हे माझ्या तोंडाकडं असे बघत होते, निकालाच्या दिवशी शाळेतली माझी पोरं बघतात तसे. मी खरं ते सांगितलं.

"लावायला?" ह्यांचा चेहरा पडला. "मी तोडणारा माणूस हाय."

"जा की मग," सासूबाई म्हणाल्या. "हितं उपटलीस, तिथं लाव. तेवढीच फेड."

ह्यांनी हेल्मेट काढून बांधावर ठेवलं. मातीचे हात पँटीला पुसत माझ्यासमोर उभे राहिले.

"तू सांग. जाऊ का?"

इतके दिवस मला थट्टा सुचत होती. आता एकही सुचेना. "जावा," असं मी म्हणाले आणि भर रानात, सासूसमोर, परदेशी साहेबासमोर हुंदके देऊन रडायला लागले. साहेब बिचारा घाबरून विचारत राहिला, हो की नाही? मला इंग्रजी तर सोडाच, मराठीही बोलवेना.

शेवटी हेच मोबाइलपाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "यस सर. वन सीझन. देन कम बॅक."

'कम बॅक' म्हणताना ते माझ्याकडं बघत होते.