वहिनीचा स्कोर

मंगळवारी सकाळी वहिनी गेली. दादाने पुण्याच्या दवाखान्यातून फोन केला तेव्हा मी शाळेत शिकवत होतो. दुपारी तिला घेऊन गाडी आमच्या गावी, न्हावऱ्यात आली. संध्याकाळी आम्ही सगळे आंघोळी करून घरात बसलो.

तेरावं होऊन आता आठ दिवस झाले. पाहुणे गेले. मी जे लिहायला बसलो आहे ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — दादाला नाही, माझ्या बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तिला सांगायला मला बारा वर्षं मिळाली होती. एवढी वर्षं तिच्या हातची भाकरी खात होतो.

गोष्ट लहान आहे. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही बारा वर्षं स्वतःला तेच म्हणत आलो.

आधी वहिनीबद्दल सांगतो — म्हणजे पुन्हा टाळतो आहे, कळतं मला. तिचं माहेर यवतचं. हायवेच्या कडेला वडिलांचं पंक्चर काढायचं दुकान, भाऊ टेम्पो चालवायचा. ती दहावीपर्यंत शिकली होती. माझ्याहून फक्त दोन वर्षांनी मोठी, पण मला ‘भावजी, तुम्ही’ म्हणायची. लग्नानंतरच्या दुसऱ्या भाऊबीजेला तिच्या भावाने ओवाळणीच्या ताटात हातात मावणारा एक व्हिडिओ गेम ठेवला. त्या दिवसांत बाजारात सगळीकडे मिळायचे तसले. करड्या काचेवर वरून ठोकळे पडतात, ते फिरवून, सरकवून ओळ पुरी करायची, ओळ पुरी झाली की ती नाहीशी होते. ढीग वरपर्यंत पोचला की खेळ संपला. कोपऱ्यात आकडा राहतो — आजवरचा सगळ्यात मोठा. साडी सोडून हे काय आणलं म्हणून आई हसली. वहिनी म्हणाली, साड्या हायेत की.

मी तेव्हा शिरूरला कॉलेजात होतो. एसटी स्टँडच्या मागे व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं — पत्र्याची शेड, चार मशीन, एक पंखा. वर्गात मी तोंड उघडत नसे. चष्मा, हातात लायब्ररीचं पुस्तक, एवढीच माझी ओळख. पण त्या दुकानात मारामारीच्या मशीनसमोर उभा राहिलो की मागे पोरं गोळा व्हायची. एका टोकनवर मी शेवटच्या स्टेजपर्यंत जायचो. मला मान मिळालेली ती एकच जागा होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. हे होतं, इतकंच.

त्या दुकानात एक उतरंड होती. मारामारीची मशीन खेळणारे खरे खेळाडू. गाडीची मशीन लहान पोरांची. आणि कोपऱ्यात एक मशीन होती, तिच्यात रंगीत फळं पाडायची — तिला आम्ही ‘बायकांची मशीन’ म्हणायचो. दुकानात बाई कधी येत नसे, तरीही. एकदा एक मुलगी भावाबरोबर आली आणि मारामारीच्या मशीनवर आमच्यातल्या एकाला तिने हरवलं. ती गेल्यावर कुणीतरी म्हणालं, नुसती बटणं बडवली तिनं. सगळ्यांना बरं वाटलं. तो डाव टाकतो आणि ती बटणं बडवते — बोटं तर दोघांचीही तशीच हलत होती. ते म्हणणारा ‘कुणीतरी’ मी होतो.

तेव्हा वहिनीचा गेम हातात घेऊन मी काय म्हणालो असेन? म्हणालो, ह्यात ना शत्रू, ना स्टेज, ना शेवट. हा नुसता टाइमपास आहे, बायकांसाठी बनवलेला. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमच्या गेमला शेवट हाय, भावजी. म्हंजी एक दिवस तुम्ही सुटता. ह्याला शेवटच न्हाई. हरायचं तर हायेच, फकस्त कवा ते बघायचं.”

मी हसलो. मला ते वाक्य कळायला फार वर्षं लागली.

दुपारी भांडी झाली की गुरांच्या वैरणीची वेळ होईपर्यंत ती उंबऱ्याशी उजेडात बसून खेळायची. ओठ मिटलेले, चेहऱ्यावर काही नाही, अंगठे मात्र चालू. उजवीकडची एक उभी रांग ती मुद्दाम मोकळी ठेवायची आणि लांब ठोकळ्याची वाट पाहायची. ढीग वर चढत जायचा, बघणाऱ्याला धीर निघत नसे. ती वाट पाहायची. मला हे कसं माहीत? कारण ती नदीवर धुणं घेऊन गेली की मी तिचा गेम काढून खेळायचो. लपून. तिच्यासारखी रांग मोकळी ठेवायचो आणि घाबरून मधेच भरून टाकायचो. साठ हजारांच्या वर मी कधी गेलो नाही. कोपऱ्यातला तिचा आकडा दर वेळी माझ्या वर असायचा.

खेळून झालं की ती लगेच बटण बंद करायची, सेल उतरू नयेत म्हणून. बटण बंद केलं तरी आकडा राहायचा. सेल काढले की जायचा. तिनेच एकदा मला सांगितलं होतं, “सेल बदललं की समदं पुसतंय बघा. पुन्हा पहिल्यापासनं.”

म्हणजे कसं करायचं हेही मी तिच्याकडूनच शिकलो.

तो रविवार होता. सलीम माझ्याकडे नोट्स न्यायला आला होता. सलीम माझा कॉलेजातला मित्र. शिरूरला त्याच्या वडिलांचं सायकलींचं दुकान, आणि त्या शेडमध्ये माझ्या मागे उभा राहणाऱ्यांतला तो पहिला. दादाला कंपनीत सुट्टी होती. आम्ही ओट्यावर बसलो होतो, आई शेंगा फोडत होती. बोलता बोलता सलीम म्हणाला की त्याच्याकडेही तसला ठोकळ्यांचा गेम आहे आणि त्याने पन्नास हजार केले आहेत.

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

“पन्नास व्हय?” वहिनी म्हणाली. “माझं त्र्याण्णव हायेत, सलीमभाऊ. त्र्याण्णव हजार चारशे.”

मी शेवटचा पाहिलेला आकडा सत्तरच्या आसपास होता. तो बरेच दिवसांपूर्वीचा. दादा हसायला लागला. म्हणाला, “त्र्याण्णव म्हनं. हिला शंभराच्या फुडं मोजता येतं का, ते इचार आधी.” आईही हसली. सलीम म्हणाला, वहिनी, मग दाखवाच.

“दाखविते की. भावजी, फडताळात हाय, आणता का जरा? माझं हात पिठाचं हायेत.”

तिने मला सांगितलं. नवरा होता, सासू होती — मला सांगितलं. का? कारण मी खोटं बोलत नाही अशी घरात माझी ख्याती होती. पुस्तकं वाचणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं.

मी आतल्या खोलीत गेलो. फडताळ उघडलं. गेम चालू केला. कोपऱ्यात त्र्याण्णव हजार चारशे होते.

इथे मी पुष्कळ वेळा थांबलो आहे — मनात. त्या क्षणी मी काय विचार केला? उद्या सलीम हे त्या शेडमध्ये सांगेल, इतकाच. ह्याच्या वहिनीने हे केलंय, आणि ह्याला जमत नाही. तोवर जो गेम मी गेमच मानत नव्हतो, त्याच्यातला आकडा मला एकाएकी सहन झाला नाही. मी तो पालथा केला. नखाने मागचं झाकण सरकवलं. दोन्ही सेल काढले, मुठीत धरले आणि दहापर्यंत मोजलं, कारण लगेच परत घातले तर आकडा तसाच राहतो. मी मोजत होतो तेव्हा स्वयंपाकघरात पुन्हा भाकरी थापायला सुरुवात झाली होती. दहा झाल्यावर सेल घातले. झाकण लावलं. बाहेर आणून दिला.

सलीमने चालू केला. शून्य.

दादाला हसू आवरेना. सलीम हसला नाही. त्याच्याकडे तोच गेम होता, त्याला ठाऊक होतं. त्याने मला विचारलं, “सेल काढलं व्हतं का रे कुणी?”

आता सांगता आलं असतं. थट्टा केली म्हणालो असतो तरी भागलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनीही दारात आली होती, मनगटापर्यंत पीठ.

“नाही,” मी म्हणालो. “होता तसा आणलाय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. फार वेळ नाही. मग म्हणाली, “असंल. माझंच बघण्यात चुकलं असंल.” आणि आत गेली, कारण तव्यावरची भाकरी करपायला लागली होती.

तेवढंच घडून थांबलं असतं तर कदाचित मी आज लिहीत नसतो. पण आमच्या घरात त्याची एक म्हणच होऊन बसली. कुणी गाडीचं ॲव्हरेज वाढवून सांगितलं, कुणी कांद्याचा उतारा जास्त सांगितला, की दादा म्हणायचा — वहिनीचा स्कोर. मग आई म्हणू लागली. मग गल्लीतली माणसं. माझं लग्न झालं तेव्हा माझी बायको आठ दिवसांत ते शिकली आणि महिन्याभराने तिने मला विचारलं, कोणत्या वहिनीचा हो? मी म्हणालो, आपल्याच. आणि हसलो. वहिनी वाढत होती, तीही हसली. तिच्यासमोर, तिच्याच ताटावर बसून आम्ही ते किती वेळा म्हणालो असू?

माझी पुतणी पल्लवी मोठी झाली, घरात मोबाइल आला. त्यातला सापाचा गेम घेऊन ती आईच्या मागे लागायची. वहिनी म्हणायची, “मला न्हाई येत गं ते. तुझ्या काकाला इचार.” मी शेजारी पेपर वाचत असायचो. पेपर खाली करत नसे.

मागच्या वर्षी तिला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग अंगण झाडताना. तिने दादाला सांगितलं. दादा वाईट माणूस नाही, आज तो जेवत नाही, नुसता बसून असतो. पण तेव्हा तो म्हणाला, “कितीवर गेला स्कोर?” तीही हसली. पुन्हा दोन-तीनदा म्हणाली, मग म्हणायची थांबली. मी तिथे होतो. माझ्या तोंडाशी आलं होतं की अरे, ती वाढवून सांगत नाही, तिने कधीच वाढवून सांगितलेलं नाही. पण ते म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप पार खराब झाली आहे, सहा महिने आधी आणायला हवं होतं. त्या सेलमुळे ती गेली असं मी म्हणत नाही. त्यामुळे गेली नाही, असंही मला म्हणता येत नाही. परवा दादा मला म्हणाला, “मला वाटायचं, ती वाढवून सांगतीया.” मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

काल पल्लवी तिच्या आईची ट्रंक आवरत होती. तळाशी ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला गेम निघाला. मला वाटत होतं तो केव्हाच मोडीत गेला. मी हातात घेऊन पालथा केला. मागच्या झाकणावरून दवाखान्यातली चिकटपट्टी दोन वेढे देऊन घट्ट लावलेली होती. कडा काळ्या पडलेल्या. त्या रविवारी ती पट्टी नव्हती.

म्हणजे तिला माहीत होतं. त्याच दिवशी, दारात उभी असतानाच कळलं असेल. पट्टी लावून, कुणालाही न सांगता, ती पुन्हा पहिल्यापासून खेळली असेल — किती दिवस? कुठवर गेली? बारा वर्षांत तिने मला एका शब्दानेही विचारलं नाही. दर दिवाळीला माझ्यापुढे फराळाचं ताट ठेवलं.

मी ब्लेडने पट्टी कापली. आत सेल फुटून पांढरा खार धरला होता, स्प्रिंगा गंजून गेल्या होत्या. नवे सेल आणून घातले. चालू झाला नाही.

पल्लवीने विचारलं, “काका, आईला हा गेम यायचा?”

मी म्हणालो, थोडा थोडा. हे कालचं आहे. बारा वर्षांपूर्वीचं नाही, कालचं.

हे छापून आलं तर दादा वाचेल, पल्लवी वाचेल. वाचू देत. गेम माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो बंद आहे. त्याच्यात त्र्याण्णव हजार चारशे होते. ते पाहिलेला आता मी एकटाच आहे.