लिफ्टच्या पूजेला बूट काढले

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी लाजत-मुरडत सांगत नाही, ठणकावून सांगते. वडील गॅरेजमध्ये मेकॅनिक, आई चौथी शिकलेली. त्यांची मुलगी जपानमध्ये सेंदाईला जाऊन बर्फावर पीएच.डी. करते, हे आमच्या गल्लीला अजून नीट पटलेलं नाही. "बर्फात शिकण्यासारखं असतं काय गं?" मावशी दर फोनला विचारते.

असतं ते असं. डोंगरावर खांब रोवायचे आणि बर्फ किती साचतो, कसा दबतो ते हिवाळाभर मोजायचं. त्यासाठी आधी डोंगर हवा. सेंदाईहून बसने दोन तासांवर एका गावाचा छोटा स्कीचा उतार आहे, लिफ्ट एकच. गावकरीच तो चालवतात आणि सगळ्यांच्या वतीने बोलतो तो एक सत्तरीचा म्हातारा. परवानगी त्याची. ती मिळाली नाही तर माझं अख्खं वर्ष वाया.

ऑक्टोबरमध्ये प्रोफेसरांचं शिक्क्याचं पत्र घेऊन त्याच्याकडे गेले. त्याने पाकीट उघडलंसुद्धा नाही.

"वर लिफ्टने जाशील. खाली कशी येणार?"

"लिफ्टनेच."

"वारा सुटला की लिफ्ट बंद. मग तुला उतरवायला माझा माणूस जाणार. ते नको. उतार उघडेल त्या दिवशी माझ्यासमोर स्कीवर वरून खाली ये, हाकासे-सान. मग रोव खांब."

हाकासे म्हणजे डॉक्टरेटवाली. ती मी अजून व्हायची होते, आणि हे त्याला चांगलं माहीत होतं.

मार्चमध्ये लॅबमधल्या मैत्रिणीने मला चार दिवस स्की शिकवलं होतं. थांबता येत होतं. डावीकडे वळता येत होतं. उजवीकडे वळायला नशीब लागत होतं. एवढ्या भांडवलावर मी "येते" म्हणून मोकळी झाले.

डिसेंबरात बर्फ पुरेसा पडला आणि उतार उघडायचा दिवस ठरला. सकाळी सगळं गाव लिफ्टच्या पायथ्याशी जमलं. हंगाम सुरू होण्याआधी, कुणाला इजा होऊ नये म्हणून तिथे पूजा करतात. टेबलावर साकेची म्हणजे तांदळाच्या दारूची बाटली, तांदूळ, मीठ, एक भलामोठा मुळा, आणि समोर लिफ्टचं यंत्र. ते पाहिलं आणि माझे हात आपोआप बुटांकडे गेले. दसऱ्याला वडील पान्यांची आणि जॅकची पूजा करायचे, तेव्हा चपला गॅरेजच्या उंबऱ्याबाहेर. विसरलं की पाठीत धपाटा.

मी बकलं सोडली, स्कीचे बूट जोडीने बाजूला ठेवले आणि मोज्यांवर बर्फात उभी राहिले. मग वर पाहिलं. सगळ्यांच्या पायांत बूट. पुजाऱ्याच्यासुद्धा, गुडघ्यापर्यंतचे रबरी. कुणी चकार शब्द बोललं नाही. मी चटकन घालायला हवे होते. पण आता घातले तर चुकलं हे सगळ्यांना कळेल, म्हणून हात जोडून तशीच राहिले. हट्टी आहे मी. पूजा अर्धा तास चालली.

नंतर पाय बुटात जाईनात. थंडीने बुटांचं प्लास्टिक लाकडासारखं कडक झालेलं आणि पायांना तर काही कळतच नव्हतं. शाळेची मुलं लिफ्टने वर निघाली, म्हातारा घड्याळ बघायला लागला. तेवढ्यात त्याच्या बायकोने मला बाहीला धरून आत ओढलं. तिथली खानावळ तीच चालवते. तिने बूट स्टोव्हपाशी ठेवले आणि जाड लोकरी मोजे माझ्या मांडीवर टाकले.

"तुमच्या देशात बर्फात अनवाणी पूजा करतात का?"

"आमच्याकडे बर्फच पडत नाही, काकू."

ती इतकी हसली की तिला हातातला डाव खाली ठेवावा लागला. "आणि आम्हाला वाटलं, तुमचा रिवाज असेल! रिवाजाला अडवायचं कसं?"

अर्ध्या तासाने बूट मऊ झाले, पायांत मुंग्या आल्या आणि मी वर गेले. खाली म्हातारा हाताची घडी घालून उभा होता. डावी वळणं झकास झाली. उजव्या वळणांना पडले, उठले, पुन्हा पडले. पाच-सहा वर्षांची एक मुलगी माझ्या शेजारून सुळकन गेली आणि जाता जाता "गांबात्ते!" म्हणाली. म्हणजे नेट लाव. लावला.

खाली पोचले तेव्हा म्हातारा म्हणाला, "किती वेळा पडलीस?"

"पाच."

"सहा. वरच्या खोपटामागचं धरलं नाहीस. माझ्या माणसाने फोन केला होता."

मी टोपीवरचा बर्फ झटकला.

"पण स्की काढून चालत आली नाहीस." त्याने माझ्या बुटांतून वर आलेल्या लोकरीकडे पाहिलं. "हे मोजे माझे आहेत."

"हो."

"उद्या सातला खांब घेऊन ये. वारा नसतो तेव्हा."

ते खांब आता दुसऱ्या हिवाळ्यात उभे आहेत. यंदाच्या पूजेला मी बूट घालूनच हात जोडले. वडिलांना हे सांगितलेलं नाही.