तिरक्या देव्हाऱ्यातला टीव्ही

पनवेलच्या एस.टी. स्टँडमागे व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं आणि तिथे मुलींनी जायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. तो कोणी केला, कधी केला, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी विचारलं की आई बाबांकडे बघायची आणि बाबांना नेमकं काहीतरी काम आठवायचं. दादा मात्र शाळा सुटली की थेट तिथेच. जेवताना तो मला गेम तोंडी सांगायचा: आता विमान आलं, आता मी गोळी घातली, आता मोठा राक्षस आला. मी आठवीत होते आणि मला एकदा तरी ते विमान स्वतः उडवायचं होतं. रडून झालं, अबोला धरून झाला, एकदा दादाचा शर्ट घालून मुलगा व्हायचा प्रयत्नही झाला. दोन लांब वेण्यांपुढे शर्टाचं काही चाललं नाही.

बाबा न्हावा शेव्याला बंदरावर एका कंपनीत कारकून होते. एकदा कुठल्याशा पेटीतल्या सामानाभोवती कोंबलेलं परदेशी मासिक त्यांच्या हाती लागलं. त्यात पार्लरमध्ये असते तशी मशीन घरी कशी बनवायची याचा अख्खा आराखडा होता. बाबांनी ती चुरगळलेली पानं इस्त्री फिरवून सरळ केली. आपल्याला ड्रॉइंग वाचता येतं, याचा त्यांना भारी अभिमान. शिवाय दादाच्या चकरांनी आई वैतागली होतीच.

"पोरगा निदान घरात तरी राहील," ती म्हणाली.

"मीही खेळेन," मी म्हणाले. ते कोणी ऐकलं नाही.

उरणच्या बाजूचे एक सुतारकाका आमच्या नवीन पनवेलच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच घरांची कामं करायचे. त्यांची खासियत देव्हारे. बाबांनी त्यांच्यासमोर आराखडा पसरला. काकांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, मग कडेवर बोट ठेवलं.

"साहेब, इथं देव तिरका बसनार?"

"देव नाही हो, टीव्ही बसणार. मागे कललेला."

"आमी येवढी देव्हारी केली, पन तिरका देव नाय बघितला," असं म्हणून त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि कामाला लागले.

मासिकातली माणसं मशीनसमोर उभी राहून खेळत होती. बाबांना ते काही पटेना. "आपल्या घरात उभं राहून कोण काय करतं? आपण जेवतो बसून, वाचतो बसून. मग खेळायलाच उभं कशाला राहायचं?" त्यांनी खालचा सगळा भाग उडवायला लावला. आता पाटावर मांडी घालून बसलं की बटणं बरोबर हाताशी येत होती. खालचा भाग गेल्यावर काकांचा हात आपोआप देव्हाऱ्याच्या वळणावर गेला. वर दोन्ही बाजूंना एकेक लाकडी मोर बसला.

"मासिकात मोर नाहीत!" दादा ओरडला.

"तिकडं नसतील," काका शांतपणे म्हणाले. "आपल्याकडं हायेत."

बटणांसाठी बाबांनी इलेक्ट्रिकच्या दुकानातून दारावरच्या बेलची बटणं आणली. विमान वळवायच्या दांड्याच्या टोकाला एका कंटेनरवाल्या ड्रायव्हरने दिलेला ट्रकच्या गिअरचा लाल गोळा बसवला. टीव्हीला जोडायचा, त्याच विमानाचा कार्ट्रिजवाला व्हिडिओ गेम बाबांनी यासाठी मुद्दाम विकत आणला, तो उघडून त्याच्या तारा बेलच्या बटणांना जोडल्या आणि घरातला एकुलता एक टीव्ही आत गेला. तेव्हापासून बातम्यासुद्धा पाटावर बसून, मान वाकवून बघाव्या लागायच्या. शेजारच्या काकू रोज आमच्याकडे टीव्हीला येत. त्यांनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बातम्या देणारी बाई सारखी पंख्याकडे काय बघते हो?"

शेवटची तार जोडून मशीन पूर्ण झाली ती नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दादा पाट ओढून बसणार, एवढ्यात आईने त्याची कॉलर धरली. पूजेशिवाय हात लावायचा नाही. आणि पूजा दसऱ्याला, म्हणजे आमची पुस्तकं, बाबांचे पाने-पक्कड आणि शिलाई मशीन यांच्या रांगेत हिलाही बसवायचं. दसऱ्याला पूजेला बसलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणी हात लावत नाही. एरवी आम्ही याच नियमावर अभ्यासाला सुट्टी देत होतो. आता दादा पुस्तक नाही, गेम नाही, टीव्ही नाही, असा घरभर येरझाऱ्या घालत राहिला.

आईने टीव्हीच्या काचेवर कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक काढलं, मोरांना झेंडूची माळ घातली. बाबांनी नारळ वाढवला. वाढवला दगडावरच, पण दगड ठेवला होता बटणांना अगदी खेटून. सगळं पाणी बटणांवर.

"असू दे, तीर्थच आहे," बाबा म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने त्यांनी ते पुसलं.

संध्याकाळी सोनं द्यायला बिल्डिंगमधली माणसं आली. आराखड्यात नाणं टाकायची फट होती म्हणून काकांनी ती इमानदारीने ठेवली होती, तिच्यामागे काहीच नव्हतं. शेजारच्या काकूंनी मशीनला हात जोडले आणि फटीत आपट्याची चार पानं सारली. त्यांचं बघून सगळ्यांनीच सारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दात न घासता पाटावर जाऊन बसला.

"ऊठ," आई म्हणाली. "पहिला हात घरच्या लक्ष्मीचा."

आमच्याकडे हा रिवाज होता. नवा फ्रीज आला तेव्हाही त्याचं दार पहिल्यांदा मीच उघडलं होतं. आत काही नव्हतं ते सोडा. आता मी दोन्ही वेण्या मागे टाकून पाटाकडे गेले. दादा कुरकुरत बाजूला सरकला. "एकच डाव हं!"

मी लाल गोळा धरला आणि गोळीचं बटण दाबलं. ते आत गेलं आणि आतच राहिलं. नारळाच्या पाण्याने चिकटून बसलं होतं. माझ्या विमानातून गोळ्या सुटायला लागल्या त्या थांबेचनात. मला फक्त विमान डावीकडे-उजवीकडे न्यायचं होतं. शत्रूची विमानं स्वस्तिकामागे लपत, बाहेर डोकावत आणि फुटत. सकाळीच येऊन बसलेल्या शेजारच्या काकू टाळ्या पिटत होत्या. दादा सांगायचा तो राक्षस आला आणि मेलासुद्धा. मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्याने हसत होते आणि थांबता येत नव्हतं.

"ही चीटिंग आहे! बटण अडकलंय!" दादा किंचाळला.

"अडकलं नाही, त्याला तीर्थ लागलंय," बाबा म्हणाले.

शेवटी स्वस्तिकाच्या आडून एक विमान आलं, मला दिसलंच नाही, आणि माझं विमान फुटलं. दादाने लगेच माझा दंड धरला.

"ऊठ बाळा," बाबाही प्रेमाने म्हणाले. "झालं ना उद्घाटन."

म्हणजे मी फीत कापायला बोलावलेली पाहुणी होते. फ्रीजचं दार उघडून झालं, आता जा. मला एवढा राग आला की कान तापले. मी लाल गोळा दोन्ही हातांनी धरला.

"नाही उठणार."

दादाने आईकडे बघितलं. ती तिथेच विळीवर बसून कालचाच नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला स्टँडमागे जाता येतं. तिला इथेच खेळता येतं. जायचं तर जा तू."

दादाने दारात जाऊन चपला घातल्या. मग काढल्या. मग दुसरा पाट आणून माझ्या शेजारी बसला.

"मला कधी देशील?" त्याने विचारलं.

त्याने माझ्याकडे काही मागायची ती पहिलीच वेळ होती.

"बघू," मी म्हणाले आणि नवा डाव लावला.