मला लागलेला चकवा

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून चहा ठेवायला जाते… असली मी बाई. देवाला हात जोडते, पण करणी, उतारा, अंगात येणं — हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. तरी हे लिहितेय, कारण पोटात ठेवून ठेवून आता जळजळ व्हायला लागली आहे.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशा गावच्या बॅरेजच्या वरच्या अंगाला. केळी, ऊस, कापूस, आणि अलीकडे काही पोल्ट्री शेड. त्यातलं एक माझं, अंड्यांच्या कोंबड्यांचं. नवरा गेल्यावर त्या शेडवरच घर चाललं. हिवाळ्यात बॅरेजच्या पाण्यावर उत्तरेकडची बदकं उतरतात. बर्ड फ्लूच्या भीतीने पुण्याहून येणारी एक टीम त्यातल्या काहींच्या पाठीवर ट्रान्समीटर बांधते, आणि ते पक्षी कुठे बसलेत ते त्यांनी माझ्या मोबाइलवर दिलेल्या नकाशावर ठिपक्यांत दिसतं. ठिपका शेडांकडे सरकला की मी सगळ्यांना फोन करायची — जाळ्या बघा, नदीवर गेलेला माणूस आत घेऊ नका.

त्यात नारिंगी रंगाचा चक्रवाक असतो. आमच्याकडे त्याला चकवाच म्हणतात, रानात वाट चुकवणाऱ्या भुताचंच नाव. त्यामुळे "ताई, आज चकवा लागना का?" ही गावाची ठरलेली मस्करी.

सगळ्यात जास्त चिडवायचा यशवंतभाऊ. माझ्या शेडच्या पलीकडे त्याचं शेड. सख्खा नाही, मानलेला भाऊ. पण नवऱ्याच्या तेराव्याला सख्ख्यांच्या आधी तोच येऊन उभा राहिला होता.

त्या हिवाळ्यात मला अंड्यांचे ट्रे कमी पडले, ते त्याच्याकडून मागून आणले. आमच्यात ट्रे भांड्यांसारखे इकडून तिकडे चालतातच. त्याच्या शेडकडून जरा घाण वास आला, म्हणून विचारलं, "भाऊ, मर किती शे?" मर म्हणजे शेडमध्ये रोज मरणाऱ्या कोंबड्या.

"काही नही वं ताई. तापीमायनी आन, बठ्ठं चांगलं शे."

तापीमायची शपथ घातल्यावर पुढे काय विचारणार? ट्रे शेडमध्ये नेऊन ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल वाजला. ठिपका, सात नंबर. मला हसूच आलं, कारण सात नंबरचा चकवा मागच्या हिवाळ्यातच मेला होता! त्याचं ट्रान्समीटर मासे धरायच्या जाळ्यात सापडलं होतं, आत पाणी जाऊन पार निकामी झालेलं. टीमला परत द्यायचं म्हणून ते माझ्याच कपाटात पडून होतं. उठून कपाट उघडलं — तिथेच होतं. फोन बंद करून चालू केला. ठिपका हलेना… यशवंतभाऊच्या शेडमागे, कपाशीच्या बांधावर.

गेले बघायला. भर उन्हात, पाण्यापासून एवढ्या लांब, कोरड्या मातीत एक चकवा बसलेला. एकटा. हे पक्षी जोडीने राहतात, माणूस दिसला की लांबूनच ओरडून उडतात. हा नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी अगदी जवळ गेले तेव्हा उठला आणि उडाला… पंखांचा आवाज मात्र आला नाही.

तो बसला होता तिथली माती भुसभुशीत होती, वर चुना टाकलेला. आणि चुन्यातून कोंबडीचा पाय बाहेर आला होता.

तिथूनच मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. मग कळलं, यशवंतभाऊचं शेड रिकामं. मेलेल्या कोंबड्या पुरल्या आणि बोभाटा व्हायच्या आत उरलेल्या व्यापाऱ्याला देऊन टाकल्या. माझ्याकडे मात्र त्याच शेडचे ट्रे!

थोड्याच दिवसांत माझ्या कोंबड्या माना टाकायला लागल्या. तपासणी झाली, पांढरे सूट घातलेली माणसं आली आणि माझं शेड रिकामं झालं. मारलेल्या कोंबड्यांची पोती बाहेर निघताना मी दारात उभी होते. रडू आलं नाही, संतापच एवढा होता. आणि हा मेला यशवंत गावात सांगत सुटला, "हिना बदकस्नीच रोग आना!" म्हणे माझ्या बदकांनीच रोग आणला.

रोग मुळात कुठून आला ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण ट्रे मागितले तेव्हा एक शब्द बोलला असता, तर मी दारातूनच मागे फिरले असते. मी त्याला गाठून विचारलं, "तापीमायनी आन खादी ना रे तू?"

मान खाली घालून म्हणाला, "माले बी घर शे, ताई."

मग मला घर नव्हतं का रे?

टीमला सगळं सांगितलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर सात नंबरची त्या दिवशीची काहीच खूण नाही. ट्रान्समीटर उघडलं, तर आत नुसता गंज. "फोनचा घोळ असेल, ताई." असेलही. पण फोनच्या घोळाला नेमकी तीच जागा कशी सापडली? आणि तो पक्षी कोणता होता? मला अजून उमगलेलं नाही.

गावात आता म्हणतात, हिला चकवा लागला. लागला होता, खरंय. पण त्या पक्ष्याचा नाही हो… त्याने तर वाट दाखवली. मला लागलेल्या चकव्याला मी दरवर्षी पाटावर बसवून राखी बांधत होते.